वडिलांची पी-टाऊ २१७ तपासणी आत्ताच करून घ्यावी का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत राहणाऱ्या एका ४५ वर्षांच्या बाईंचे वडील नौपाड्यात पत्नीसह राहतात. वडिलांचे वय ७२ असून ते वागळे इस्टेटमधील एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. वर्षभरात त्यांचे नावे विसरणे वाढले आहे, विजेचे बिल दोनदा भरले गेले आहे, आणि गेल्या महिन्यात तलावपाळीवरून फिरून परत येताना त्यांनी गोखले रोडवर ओळखीच्या दुकानदाराला स्वतःच्या घराची वाट विचारली. ते मधुमेहासाठी १२ वर्षे मेटफॉर्मिन घेतात, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, झोपेसाठी रात्री अल्प्राझोलाम आहे, आणि टीव्हीचा आवाज शेजारी ऐकू जाईल इतका मोठा लागतो. घरी येऊन रक्त नेणारी एक प्रयोगशाळा पी-टाऊ २१७ आणि एनएफएल ही रक्तातील दोन प्रथिने आणि अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेले एपीओई जनुक अशा तीन तपासण्यांचा संच देते. साखरेच्या तपासणीच्या दिवशी वडिलांना न सांगता याचेही रक्त द्यावे का, आणि आपण स्वतःही जनुकाची तपासणी करून घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधी सांगतो, कारणे मग. तुमच्या वडिलांची तपासणी व्हायलाच हवी आणि ती या महिन्यातच व्हावी, कारण रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे हे ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्याजोगे लक्षण नाही. मात्र तिची सुरुवात या संचाने करू नये. पी-टाऊ २१७ पुढे कदाचित लागेल. एनएफएलमधून त्यांच्या बाबतीत फारसे काही निष्पन्न होणार नाही. आणि एपीओईची तपासणी तुम्ही स्वतःसाठी करून घेऊ नये. ठाण्यात मेंदूविकाराचे रुग्ण पाहण्यात माझी २५ हून अधिक वर्षे गेली आहेत. अलीकडे रुग्णाची हकिगत ऐकण्याआधीच त्याचा अहवाल टेबलावर येतो आणि त्यातल्या एका आकड्याने सगळे घर घाबरलेले असते, हे पाहून वाईट वाटते, म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

मेंदूच्या ऱ्हासाचा विचार करताना तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. मेंदूत कोणता पदार्थ साचला आहे, हा पहिला. त्यामुळे किंवा अन्य कारणाने मेंदूच्या पेशींचे किती नुकसान झाले आहे, हा दुसरा. आणि माणसाचे बोलणे, चालणे, हिशेब, स्वयंपाक, येणे-जाणे कितपत शाबूत आहे, हा तिसरा. बायोमार्कर म्हणजे शरीरात मोजता येणारी खूण. प्रत्येक खूण या तिहींपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर देते, आणि घरच्यांना खरी काळजी असते ती तिसऱ्याची.

अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचे गुंते तयार होतात. अमायलॉइड साचण्यास विसराळूपणा जाणवण्याच्या १५ ते २० वर्षे आधीपासून सुरुवात होते. पूर्वी हे मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच खात्रीने कळत असे. २००४ साली पिट्सबर्ग आणि उप्साला येथील संशोधकांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील अमायलॉइड पेट (पीईटी) या, किरणोत्सारी द्रव्य टोचून करायच्या स्कॅनवर दाखवले. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून त्यातील अमायलॉइड आणि टाऊ मोजण्याची पद्धतही रुळली, आणि गेल्या काही वर्षांत तेच रक्तातून मोजता येऊ लागले. पी-टाऊ २१७ म्हणजे साखळीतील २१७ व्या जागी फॉस्फेट चिकटलेले टाऊ. रक्तातील त्याचे प्रमाण पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात मोजतात, आणि इतके सूक्ष्म मोजमाप साध्य झाले ही फार मोठी गोष्ट आहे. नाव टाऊचे असले तरी ही खूण मुख्यतः अमायलॉइडच्या थरांबरोबर वाढते, हे येथे लक्षात ठेवावे लागते. म्हणून वाढलेले पी-टाऊ २१७ पाहून ‘मेंदूत अमायलॉइड असण्याची शक्यता मोठी आहे’ एवढेच म्हणता येते. स्मृती किती गेली आहे आणि पुढे किती वेगाने जाईल, याचे उत्तर त्यात नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अल्झायमरसाठीच्या पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली. तीत पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड १-४२ (अमायलॉइडचा एक प्रकार) यांचे गुणोत्तर पाहिले जाते. ही तपासणी ५५ आणि त्यापुढील वयाच्या, लक्षणे असलेल्या आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आलेल्या रुग्णांसाठी आहे. परवानगीसाठी सादर झालेल्या अभ्यासात, ज्यांचा निकाल होकारार्थी आला त्यांपैकी सुमारे ९२ टक्क्यांमध्ये आणि नकारार्थी आलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्क्यांमध्ये पेट स्कॅन किंवा मणक्यातील पाण्याच्या तपासणीने तोच निष्कर्ष दिला. काहींचा निकाल मात्र अधांतरी राहिला. हे आकडे उत्तम आहेत, पण ते कोणाच्या रक्तावर मिळाले याकडे जाहिरातीत कोणी लक्ष वेधत नाही.

हा मुद्दा एका काल्पनिक हिशेबाने समजावून घ्या. समजा, एक तपासणी अमायलॉइड असलेल्या १०० पैकी ९० जणांना ओळखते आणि नसलेल्या १०० पैकी १० जणांना चुकून होकार देते. स्मृतीची तक्रार घेऊन तज्ज्ञाकडे आलेल्या १०० जणांत ६० जणांच्या मेंदूत खरोखर अमायलॉइड असेल, तर होकार येईल ५८ जणांना आणि त्यांपैकी ५४ बरोबर असतील. आता हीच तपासणी घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या सभागृहात शिबिर भरवून, काहीही तक्रार नसलेल्या १०० ज्येष्ठांवर करा, ज्यांच्यात अमायलॉइड असलेले २० आहेत. होकार येईल २६ जणांना, त्यांतील आठ चुकीचे असतील. म्हणजे तपासणी तीच, यंत्र तेच, पण दर तीन होकारांमागे जवळपास एक खोटा. आणि उरलेल्या अठरांपैकीही कितीतरी जणांना हयातीत स्मृतिभ्रंश होणारच नाही.

कारण अमायलॉइड असूनही माणूस उत्तम असू शकतो. २०१५ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून मांडलेल्या विश्लेषणात, बौद्धिक क्षमता पूर्ण शाबूत असलेल्या लोकांतही अमायलॉइड असण्याचे प्रमाण पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के आढळले. अमेरिकेत ६७८ जोगिणींचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर अल्झायमरच्या भरपूर खुणा सापडल्या, पण हयातीत त्यांची बुद्धी शेवटपर्यंत तल्लख होती. या शिलकीला बौद्धिक राखीव साठा म्हणतात. याविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशातला आहे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसला, आणि निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. घरी मराठी, दुकानात गुजराती, लोकलमध्ये हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोलत आयुष्य काढलेली ठाण्यातली पिढी माझ्यासमोर बसते तेव्हा मला हा अभ्यास हमखास आठवतो. मात्र अशा माणसाचा साठा मोठा असल्यामुळे त्याचा आजार चाचणीत उशिरा पकडला जातो, हेही खरे आहे.

या क्षेत्रात आज मतभेद आहे आणि तो तुम्हांला माहीत असावा. २०२४ साली अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या गटाने, खूण सापडली की लक्षणे नसली तरी आजार आहे असे मानावे, अशी जीवशास्त्रीय व्याख्या मांडली. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने, लक्षणे आणि खूण दोन्ही असल्याशिवाय आजाराचे नाव देऊ नये, अशी भूमिका घेतली. मी दुसऱ्या बाजूचा आहे. लक्षणे नसलेल्यांची उपचाराच्या व्यवहारात तपासणी करावी, असे आज पहिला गटही म्हणत नाही.

एनएफएलविषयी थोडक्यात. हे मज्जातंतूंच्या सांगाड्यातील प्रथिन आहे. तंतू तुटले की ते रक्तात उतरते. ते का तुटले, हे त्यावरून समजत नाही. वयानुसार ते वाढते, पक्षाघातानंतर वाढते, मूत्रपिंड मंदावले की वाढते, आणि मधुमेहामुळे पायांच्या नसा बिघडल्या तरी वाढते. लठ्ठ माणसात ते कमी दिसते. तुमच्या वडिलांना निदान १२ वर्षांचा मधुमेह आहे. त्यांचे एनएफएल वाढलेले आले तर ते मेंदूतून आले की तळपायातून, हे मला सांगता येणार नाही. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असेल तर पी-टाऊचा आकडाही फुगतो, म्हणून क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय मी ती तपासणी लिहीत नाही.

आता ज्या खुणा मी आधी पाहतो, त्यांच्याकडे वळतो. पहिली खूण तुम्हीच कळवली आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नावे न आठवणे हे साठीनंतर बहुतेकांना होते आणि थोड्या वेळाने नाव आठवतेही. परंतु वाट शोधण्याचे काम ज्या भागात चालते, तो हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीच्या केंद्रालगतचा भाग अल्झायमरमध्ये अगदी सुरुवातीला बिघडतो. बिल दोनदा भरणे हेही असेच, कारण आधीचे भरणे मनावर उमटलेच नाही असा त्याचा अर्थ होऊ शकतो. तक्रार कोण करते आहे याकडेही मी लक्ष देतो. स्वतःच्या विसराळूपणाची तपशीलवार यादी सांगणारा रुग्ण पुष्कळदा चिंतेने किंवा उदासीने ग्रासलेला असतो. रुग्ण ‘मला काही झालेले नाही’ म्हणतो आणि पत्नी मागे बसून डोळे टिपते, तेव्हा मी अधिक सावध होतो.

दुसरी खूण चालण्याची. घराच्या पॅसेजमध्ये चार मीटरचे अंतर आखा आणि वडिलांना नेहमीच्या वेगाने चालायला सांगा. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी आहे आणि तो मंदच म्हणावा लागेल, अर्थात गुडघेदुखी किंवा पायांचे बधिरपण नसेल तर. मग १०० मधून सात-सात वजा करत चालायला सांगा. काही जण हिशेबासाठी थबकून उभेच राहतात. मंद चाल आणि स्मृतीची तक्रार एकत्र असल्यास पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे न्यूयॉर्कचे जो व्हर्गीस यांनी २०१३ पासून अनेक देशांतील ज्येष्ठांची माहिती तपासून दाखवले आहे. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणे आणि विसराळूपणा ही तीन लक्षणे एकत्र आली तर मेंदूत पाणी साठण्याचा, शस्त्रक्रियेने सुधारू शकणारा आजार मनात येतो. झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे आणि नसलेली माणसे किंवा प्राणी दिसणे असेल तर लुई बॉडी नावाच्या वेगळ्या आजाराचा विचार करावा लागतो. त्याची अमायलॉइडशी गाठ असलीच पाहिजे असे नाही.

यानंतर जे सुधारता येते ते शोधतो, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत येथे बरेच काही हाती लागण्याची शक्यता आहे. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्याने जीवनसत्त्व बी-१२ कमी होऊ शकते. घरात शाकाहार असेल तर ते आणखी कमी असते. अल्प्राझोलाममुळे नवीन गोष्ट मनात ठसण्याची क्रियाच मंदावते आणि पडण्याचा धोका वाढतो. पण ही गोळी तुम्ही आपल्या मनाने एकदम बंद करू नका. तिची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत हळूहळू उतरवावी लागते. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर सोडियम घसरू शकते. सर्दीच्या गोळ्या आणि वारंवार लघवी होण्यावरची काही औषधे उतारवयात बुद्धीवर झापड आणतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि साखर वरचेवर फार खाली जाते का, हे पाहावे लागते. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे याविषयी आईला विचारा.

आणि टीव्हीचा आवाज. कानांकडे लक्ष वेधताना मी जरा आग्रहीच होतो, कारण ऐकूच न आलेले वाक्य आठवणार कसे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत श्रवणयंत्र दिल्याने सरसकट सर्वांचा फायदा दिसला नाही, परंतु ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच जास्त होता त्या गटात तीन वर्षांतील बौद्धिक घसरण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी होती. वडिलांची श्रवणचाचणी झाल्याशिवाय त्यांच्या स्मृतिचाचणीच्या गुणांवर मी विश्वास ठेवणार नाही. ती चाचणीही मराठीत आणि त्यांचे शिक्षण लक्षात घेऊन झाली पाहिजे. कारखान्यात उत्तम काम केलेल्या माणसाला घाईघाईत इंग्रजी प्रश्न विचारून कमी गुण देणे हा अन्याय आहे.

एमआरआय मी नक्की करायला सांगेन. अहवालात ‘वयानुरूप मेंदूचे आकुंचन’ हे शब्द वाचून लोक धसका घेतात, पण सत्तरीत ते जवळपास प्रत्येकाच्या अहवालात असतात. निरोगी वृद्धांतही हिप्पोकॅम्पस वर्षाला एक ते दोन टक्के लहान होत जातो, अल्झायमरमध्ये हा वेग त्याहून बराच जास्त असतो. मला त्यात पाहायचे असते ते असे: हिप्पोकॅम्पसचे आकुंचन बाकीच्या मेंदूच्या मानाने जास्त आहे का, पांढऱ्या भागात रक्तदाबामुळे पडलेले डाग किती आहेत, सूक्ष्म रक्तस्राव आहेत का, आणि किरकोळ पडण्यानंतर कवटीखाली रक्त तर साठलेले नाही ना. आपल्याकडे निव्वळ अल्झायमरपेक्षा तो आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान यांची सरमिसळ मी फार वेळा पाहतो. ‘मेंदूचे वय’ काढून देणाऱ्या संगणकीय अहवालांवर एका व्यक्तीचा निर्णय सोपवू नये. गटांच्या संशोधनासाठी ते उपयोगी आहेत.

हे सगळे झाल्यावर, चाचणीत स्मृती खरोखर कमी भरली आणि एमआरआयने शंका दूर झाली नाही, तर पी-टाऊ २१७ मी स्वतःच लिहून देईन. तेव्हा तिचा उपयोग असा होतो की निकाल नकारार्थी आला तर अल्झायमर बराचसा बाजूला ठेवून मी दुसरे कारण शोधतो. होकारार्थी आला तर औषधे, पैशांचे व्यवहार, मृत्युपत्र आणि गाडी चालवणे याविषयी वडील स्वतः निर्णय घेऊ शकतात तोवरच बोलणे करून घेता येते. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या नव्या प्रतिपिंड औषधांचा विचार करायचा असेल, तर अमायलॉइड असल्याची खात्री लागतेच. या औषधांपैकी लेकॅनेमॅबने १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. गेलेली स्मृती परत आणली नाही, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यात आहे. एपीओई-४ या, त्या जनुकाच्या धोका वाढवणाऱ्या प्रकाराच्या दोन प्रती (आई आणि वडील दोघांकडून एकेक) असलेल्यांत हा धोका जास्त असतो, म्हणून त्या उपचाराआधी, आणि समुपदेशनानंतर, जनुक तपासणीला अर्थ आहे.

तुमच्या स्वतःच्या जनुक तपासणीला तो अर्थ नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत एपीओई-४ ची एक प्रत धोका सुमारे तिप्पट करते आणि दोन प्रती आठ ते बारा पट. इतर वंशांत हे प्रमाण वेगवेगळे आढळते. प्रत असूनही अनेकांना आजार होत नाही, आणि नसलेल्यांनाही होतो. निकाल काहीही आला तरी आज तुम्ही करायच्या गोष्टी त्याच राहतात, पण तुमच्या भावंडांविषयी आणि मुलांविषयीची एक माहिती मात्र कायमची घरात येऊन बसते. पंचेचाळिशीत तुमचा रक्तदाब किती आहे, हे मला त्याहून कितीतरी अधिक जाणून घ्यावेसे वाटते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली आणि ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा अंदाज दिला. मध्यमवयातील रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल, मधुमेह, ऐकू कमी येणे ही सर्व त्यांत आहेत.

राहिला वडिलांना न सांगता रक्त देण्याचा प्रश्न. तुमची धास्ती मी समजू शकतो. ठाण्यात शतकाहून अधिक काळ मनोरुग्णालय आहे आणि ‘तुला ठाण्याला पाठवायला हवे’ हा टोमणा ऐकतच त्यांची पिढी वाढली आहे. डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटले तर ते चिडतील. तरीही असे करू नका. निकाल होकारार्थी आला, तर तुम्ही आणि आई दोघी जेवणाच्या ताटावर त्यांच्या प्रत्येक विसरण्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागाल, आणि ते काय घडते आहे हे ओळखतील, फक्त त्यामागचे कारण त्यांना ठाऊक नसेल. हे रक्त त्यांचे आहे आणि तो निकाल ऐकायचा की नाही, हे ठरवण्याची क्षमता आज त्यांच्यात बहुधा पूर्ण आहे. कानांच्या तपासणीपासून सुरुवात करा, त्याला ते नकार देणार नाहीत. साखरेच्या रक्तासोबत बी-१२, थायरॉइड, सोडियम आणि क्रिएटिनिन त्यांना सांगूनच घ्या. सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या, डॉक्टरांना वडिलांशी आधी एकट्याने बोलू द्या आणि गोखले रोडवरचा प्रसंग तुम्ही नंतर स्वतंत्रपणे सांगा. मग डॉक्टरांनी त्यांना सरळ विचारावे, ‘काका, याचे कारण शोधण्यासाठी आणखी एक रक्ततपासणी आहे. तिचा निकाल तुम्हांला स्वतःला कळायला हवा आहे का?’